फॉरमॅट मारण्याआधी

संगणक मंदावला म्हणून दुकानात नेला की निदान ठरलेले असते: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ काही शे रुपये जातात, एक संध्याकाळ जाते, जमलेच तर फोटोंचा एखादा फोल्डरही कायमचा जातो. यंत्र घरी येते, महिनाभर खरेच पळते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या खेपेला त्याच काउंटरवर पुढचे वाक्य ऐकायला मिळते: ‘साहेब, मशीन जुनं झालंय. आता नवीनच घेऊन टाका.’

या दोन सल्ल्यांच्या मध्ये अर्ध्या तासाचे एक काम असते आणि ते कोणीच करत नाही. दुकानदाराला त्यात पैसा नाही, कंपनीला तर उलट तोटाच आहे, आणि मालकाला वाटते की हे आपल्या आवाक्यातले नाही. वास्तविक ते दहावीतल्या मुलालाही जमेल असे आहे. फॉरमॅटनंतर यंत्र पळते त्यात जादू काही नसते. आगंतुक पाहुण्यांनी भरलेले घर त्या निमित्ताने रिकामे होते, एवढेच. पाहुणे घालवायला घर पाडावे लागत नाही.

प्रोसेसर सहसा वयाने मंदावत नाही. २०१५ सालचा प्रोसेसर त्या वर्षी जेवढी आकडेमोड करत होता, तेवढीच आजही करतो. पंख्यात धूळ साचून तो तापला तर मात्र जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. तेव्हा कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी ब्लोअर मारलेला बरा. बाकी वाढते ते त्याच्या पाठीवरचे ओझे. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम चालत असे. २००१ सालच्या एक्सपीला ६४ एमबी लागू लागली, २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या चौसष्ट बिटी आवृत्तीला २ जीबी आणि २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. सव्वीस वर्षांत हजारपट! एवढ्या काळात अर्ज टाइप करणाऱ्याच्या बोटांचा वेग होता तेवढाच राहिला. पास्कल ही संगणकभाषा घडवणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच एका लेखात यावर बोट ठेवले होते. हार्डवेअर जेवढे वेगवान होते, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर सुस्तावते, ही त्यांची तक्रार पुढे ‘विर्थचा नियम’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

तालुक्याच्या गावातले एखादे डीटीपी सेंटर घ्या. लग्नसराईचे दिवस, पत्रिकेचे प्रूफ न्यायला मुलीचा मामा दारात उभा. यंत्रावर पेजमेकर ७, म्हणजे २००१ सालचा; मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी. या दोघांना त्या यंत्राचा एक कोपराही पुरून उरतो. तरीही बटण दाबल्यापासून पान उघडेपर्यंत मामाचा चहा पिऊन होतो. का, ते पाहायचे तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. पहिल्याच पानावर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसले की समजावे, कोणीतरी आधीच रांग लावली आहे.

ती रांग ‘स्टार्टअप’च्या पानावर सापडते. शाईची पातळी सांगणारा प्रिंटरचा कार्यक्रम असतो. तो प्रिंटर कधीच भंगारात गेलेला. मुदत संपलेला अँटिव्हायरस असतो, जो राखण कमी करतो आणि नूतनीकरणाची आठवण जास्त. कोणीतरी एकदा लांबून दुरुस्ती करून दिली, तेव्हा टाकलेले एनीडेस्क असते. वनड्राइव्ह असतो, टीम्स असतो, भाच्याने उतरवलेला टोरेंटचा क्लायंट असतो, आणि तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे ‘अपडेटर’ असतात, ज्यांचे काम दिवसातून एकदा ‘काही नवीन आहे का?’ असे विचारणे. सेवाच मे २०२५ मध्ये बंद झालेला स्काइपही कुठेकुठे अजून हजेरी लावत असेल. प्रत्येकापुढे ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा शेरा असतो. ‘हाय’वाल्यांवर उजवी टिचकी मारून ‘डिसेबल’ म्हणावे. यात काहीच पुसले जात नाही. कार्यक्रम जागेवर राहतो, फक्त बोलावल्याशिवाय उठत नाही. अक्षरांचे सॉफ्टवेअर, टचपॅड, ध्वनी आणि चालू असलेला अँटिव्हायरस यांना मात्र हात लावू नये.

ही रांग जुन्या यंत्राला एवढी का भोवते, याचे उत्तर हार्ड डिस्कच्या पोटात आहे. साधी डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेरे. विखुरलेला तुकडा वाचायचा तर तिची सुई आधी योग्य वर्तुळावर सरकते, मग तो तुकडा फिरून खाली येईपर्यंत थांबते. असे तुकडे तिला सेकंदाला शंभराच्याही आतच वाचता येतात. पंधरा कार्यक्रम एकाच वेळी हजार हजार तुकडे मागू लागले की काय होणार, ते सांगायला नको. चिपांवर साठवण करणाऱ्या एसएसडीत सुईच नाही, त्यामुळे तिथे हीच मागणी चुटकीसरशी भागते. एसएसडीवाल्या नव्या लॅपटॉपवरही हाच पसारा असतो. तिथे तो बोचत नाही, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट शटडाउनची. रोज रात्री यंत्र नेमाने बंद करणाऱ्यांनी एकदा टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर, सीपीयूच्या खाली ‘अप टाइम’ पाहावा. तिथे वीस-बावीस दिवस दिसतात आणि माणूस चक्रावतो. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आला, तेव्हापासून शटडाउन म्हणजे पुरते बंद होणे राहिलेले नाही. आपले कार्यक्रम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. तीन आठवड्यांपूर्वी अडकलेला ड्रायव्हर मग तसाच अडकलेला राहतो. पुरता ताजा आरंभ मिळतो तो ‘रीस्टार्ट’ने. ही सोय बंद करता येते, पण हार्ड डिस्कच्या यंत्रावर सकाळचे मिनिटभर तीच वाचवते. म्हणून तिला राहू द्यावे आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावे, हे शहाणपणाचे.

यूट्यूबवरच्या ‘पीसी रॉकेट बनवा’ छाप व्हिडिओंत हटकून सांगतात ती तिसरी सेटिंग देखाव्याची: ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’. खिडक्यांच्या सावल्या, सरकणे, विरघळणे सगळे एका फटक्यात बंद. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावर फरक जाणवतो, नाही असे नाही. पण त्या एका फटक्यात अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी खूणही उडते. इंग्रजी वाचणाऱ्याला ते खपते. देवनागरीत मात्र रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांचे पार चिपाड होते. तेव्हा ते बटण दाबून झाले की यादीतली ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ ही खूण परत लावायची. या व्हिडिओवाल्यांपैकी हे सांगणारा विरळाच. गंमत म्हणजे पोटमेनू उघडण्याआधी विंडोज मूळ मांडणीत मुद्दाम ४०० मिलिसेकंद थांबते. म्हणजे ‘मंद’ वाटणाऱ्या यंत्राचा थोडा वेळ निव्वळ शिष्टाचारात जातो.

इथून पुढे मात्र भोंदूगिरीचा प्रांत लागतो. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामा करा, असा सल्ला एक्सपीच्या काळापासून फिरतो आहे. तो फोल्डर कार्यक्रम लवकर उघडावेत म्हणूनच विंडोजने ठेवलेला असतो. रिकामा केला तर पुढच्या वेळी सगळे आणखी सावकाश उघडते. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये प्रोसेसरची संख्या वाढवा, हा दुसरा. ती चौकट संख्येवर मर्यादा घालायला आहे. तिथे काही केले नाही तर विंडोज सगळे कोअर वापरतेच. रजिस्ट्री साफ करणाऱ्या अवजारांना तर खुद्द मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. आणि ‘रॅम बूस्टर’ म्हणून जे काही विकले जाते, ते चालू कार्यक्रमांना मेमरीतून उचलून डिस्कवर ढकलते. पडद्यावर मोकळ्या रॅमचा आकडा फुगतो, पुढच्याच टिचकीला तेच कार्यक्रम डिस्कवरून परत ओढून आणावे लागतात.

हा धंदा जुना आहे. १९९५ साली अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचे सॉफ्टवेअर मेमरी दुप्पट करण्याची हमी देऊन लाखोंनी खपले. मार्क रसिनोविच यांच्यासारख्या जाणकारांनी ते उघडून पाहिले, तेव्हा आत मेमरी दाबून बसवणारे काही चालतच नव्हते. मग तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला कारवाई करावी लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये याहून वाईट घडले. ‘सीसीक्लीनर’ या जगभर लोकप्रिय सफाई कामगाराच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर जाऊन बसली. झाडू मारायला ठेवलेल्यानेच दार उघडले, असा प्रकार.

एक सेटिंग आहे जी वेगाच्या नावाखाली सर्रास बंद केली जाते आणि जिच्याबद्दल ठणकावून ‘नाही’ म्हणायला हवे: विंडोज अपडेट. अपडेट उतरताना जुने यंत्र धापा टाकते, हे खरे. पण मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने ज्या त्रुटीतून शिरकाव केला, तिच्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. वॉनाक्रायनंतर पुढच्याच महिन्यात तीच त्रुटी वापरणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाला झोपवले आणि त्याची झळ थेट न्हावाशेव्याला बसली, जेएनपीटीतल्या एका कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अपडेट होऊ द्यावे. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ ठरवून दिले की ऐन घाईच्या वेळी यंत्र आपणहून रीस्टार्टही होत नाही.

सेटिंगने सगळे होते असा दावा कोणी करू नये. ४ जीबी रॅमवर क्रोमच्या वीस टॅब उघडून कोणाचेच भले होत नाही. क्रोमचा ‘मेमरी सेव्हर’ आणि एजचे ‘स्लीपिंग टॅब’ चालू केले तर थोडी उसंत मिळते, इतकेच. यंत्रावर पैसा घालायचाच तर पहिला एसएसडीवर घालावा, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कोणताही सरळ दुकानदार सांगेल. पण २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्याने भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या आपल्या किरकोळ बाजारातल्या ब्रँडचा धंदाच गुंडाळण्याचे जाहीर केले. रॅमची पट्टी महाग असताना आहे ती रॅम कोण खाते आहे हे पाहणे, हा साधा हिशेब आहे.

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीची धडधाकट यंत्रे कागदोपत्री बाद ठरली. कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज दिला होता की या एका निर्णयापायी जगात सुमारे २४ कोटी पीसी कचऱ्यात निघू शकतात. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेटची मुदत वर्षभराने वाढवून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली खरी. पण ज्या कंपनीने नव्या यंत्रावर जाहिराती, बातम्यांची पट्टी, वनड्राइव्ह आणि एजचा ‘स्टार्टअप बूस्ट’ न विचारता चालू ठेवायचा, तिनेच जुन्या यंत्राला ‘अपात्र’ म्हणायचे, यात कुठेतरी पाणी मुरते. चालू काय ठेवायचे, हे यंत्र विकत घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी एका साध्या पानावर विचारले गेले पाहिजे. पंधरा वेगवेगळ्या खिडक्यांत शोधत फिरायला लावू नये.

हा प्रश्न घरापेक्षाही मोठा आहे तो शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक कक्ष असतो, त्यावर कापड टाकलेले असते आणि डेड स्टॉक रजिस्टरात ‘नादुरुस्त’ असा शेरा असतो. त्यातली किती यंत्रे खरोखर नादुरुस्त आणि किती नुसती तुंबलेली, याची विचारणा निर्लेखनाच्या प्रस्तावात कोणी करत नाही. केरळने वेगळी वाट धरली. तिथली ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांसाठी उबंटूवर बेतलेली स्वतःची लिनक्स प्रणाली तयार करते आणि राज्यभरातली मुले त्यावरच शिकतात. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीच्या निमित्ताने लाखो लोक माउस धरायला शिकले; त्या पाठांत टास्क मॅनेजरचे स्टार्टअप पान ठळकपणे शिकवले जायला हरकत नव्हती. निदान आता निर्लेखनाच्या नमुन्यात तीन रकाने वाढवावेत: रॅम किती, डिस्क कोणती, आणि पसारा बंद करून यंत्र पुन्हा चालवून पाहिले का. तिसऱ्या रकान्यात ‘होय’ असल्याशिवाय मुख्याध्यापकांची सही चालणार नाही, असे एक परिपत्रक काढायला शिक्षण विभागाला वेगळा निधीही लागणार नाही.