दोन अड्डे

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही एक नाव आहे. शंकर-पार्वती त्या दिवशी सारीपाट खेळली म्हणून एक दिवस खेळायला धर्माचीही मुभा. त्या डावात शंकर हरला, हे मात्र खेळणारे सांगत नाहीत.

आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात हा पाडवा बारमाही असतो. अड्डा हा शब्द इथे दोन जागांना आहे. सकाळी रोजंदारीची माणसं कामाची वाट बघत उभी राहतात तो मजूर अड्डा, आणि त्यांतल्या काहींची हजेरी संध्याकाळी जिथे जिरते तो दुसरा, मटक्याचा. दोन्हींच्या मध्ये फार तर चहाची टपरी.

हे आपोआप घडत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसी, दौंड जंक्शन, भीमेकाठचा ऊस, गुऱ्हाळं: इथे पुष्कळांच्या हाती पैसा रोख पडतो, आणि रोज किंवा आठवड्याला पडतो. दिवाळी सरली की ऊसतोडीचे कोयतेही मुकादमाची उचल अंगावर घेऊन फडात उतरतील. आकडा घेणाऱ्याला ही सगळी वेळापत्रकं पाठ असतात. बंगल्यांच्या कॉलनीसमोर तो बसत नाही. तिथला पगार बँकेत जातो आणि हप्ता आधीच कापलेला असतो.

‘गरिबाला हाव फार’ असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. ज्याला बँक दारात उभं करत नाही, त्याला दहा रुपयांत नऊशेंची आशा विकणारा एकच माणूस भेटतो. हिशेब साधा आहे: दोन आकड्यांच्या जोड्या शंभर, लागली तर भाव नव्वदचा. शंभरामागे दहा रुपये बुडीत, तेही रोज. सावकार निदान महिनाभर थांबतो.

मटका जन्मापासून पगाराच्या वासावर आहे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून सुरू झालेला हा खेळ 1962 मध्ये कल्याणजी भगतनं आणि पुढे रतन खत्रीनं चिठ्ठ्यांवर, पत्त्यांवर आणला. तो फोफावला मुंबईच्या गिरणगावात. 1982 च्या संपात गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि तिथला मटकाही ओसरत गेला.

जुगाराविरुद्धचा कायदा 1887 चा. छापा पडतो, आकड्यांच्या चिठ्ठ्या, पेन नि थोडी रोकड जप्त होते, कलम 12(अ) लागतं. राज्य सरकारनं स्वतःची लॉटरी 1969 मध्येच काढली, ती गोष्ट वेगळी! ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, हे बरंच झालं. अड्ड्याला निदान शटर असतं. मोबाइल उशाशी झोपतो.

आम्हीही सोवळे नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच खेळांच्या एका अ‍ॅपनं आमच्या अंकाच्या मलपृष्ठावरच्या जाहिरातीसाठी विचारणा केली होती, रक्कम आगाऊ द्यायची तयारी दाखवून. नाही म्हणायला आम्हाला दोन दिवस लागले. यंदा त्या जागी खतांच्या दुकानाची जाहिरात आहे. पैसे ऊस गेल्यावर मिळतील.