परतीची नळी

गेल्या पावसाळ्यात माझी जुनी डिझेल गाडी निळा धूर सोडू लागली. एका मोठ्या वर्कशॉपने टर्बो गेल्याचं निदान केलं. नवा टर्बो बसला, ४० हजारांचं बिल मी मुकाट्याने भरलं. महिना झाला नाही तोच पुन्हा तसाच धूर. मग गाडी सोलापुरात आमच्या मोहल्ल्यातल्या उस्तादांकडे नेली. त्यांनी टर्बोखालची तेल परतीची नळी सोडवली. तिच्या तोंडाशी सिलिकॉनचा गोळा अडकलेला! ‘‘साब, तेल कू उतरने का रस्ता होना,’’ एवढंच ते म्हणाले.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याच्याकडे तेल दाबाने येतं, पण परतीला पंप नसतो. हवा मिसळून फेसाळलेलं तेल केवळ उताराने खाली चेंबरमध्ये जायचं असतं. म्हणून येणारी नळी बारीक आणि जाणारी जाड. ती सतत उतरती हवी, मध्ये झोळ नको, दुमड नको आणि तिचं चेंबरकडचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर हवं. जोडाला योग्य गॅस्केट लावायचं. सिलिकॉन थापलं की बोल्ट आवळताना ते आत सरकतं. वाट अडली की तेल टर्बोत तुंबतं, सीलमधून बाहेर पडतं, जळतं आणि धूर होतो. दोष नळीचा, बदलला जातो टर्बो.

हे सगळं उस्तादांना माहीत आहे. तरी त्यांच्या कामाला लोक ‘जुगाड’ म्हणतात. मला हा शब्द खटकतो. खरा जुगाड तर त्या चकचकीत वर्कशॉपमध्ये झाला होता. नियम पाळला तो ग्रीस लागलेल्या हातांनी.

पण आपल्या बाजूचीही चूक सांगितली पाहिजे. आपल्याकडे हुन्नर बघून बघून शिकतात. उस्ताद ‘असं कर’ म्हणतो, ‘का’ ते सांगत नाही. शागिर्दाने विचारलं तर ‘पहले पाना पकड’ हे उत्तर मिळतं. मग गाड्या बदलल्या, सेन्सर आले, की त्याच हाताला भीती वाटू लागते. आणि पोरगं गॅरेजात कमावतंय ना, मग शाळा कशाला, असं घरातले म्हणतात. हुन्नर आणि शाळा यांत एकच निवडायचं, हे कुणी ठरवलं?

उस्तादांचा शागिर्द १७ वर्षांचा आहे. नववीत शाळा सुटली. नळी परत बसवताना तिचा उतार त्याने नुसत्या नजरेने जोखला. पण आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडला दहावी पास लागते. आलेल्या कामाचं प्रमाणपत्र देणारी सोय कौशल्य विकास योजनेत आहे, तिचं नावही त्या गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं. मशिदीच्या कमिटीने, मोहल्ल्यातल्या शिकलेल्यांनी हे सांगायचं काम अंगावर घ्यायला हवं. मीही त्या शिकलेल्यांतलाच, आणि इतकी वर्षं तिथे फक्त गाडी सोडून येत होतो.

दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. तो भरायला मी त्या पोराला सोबत घेऊन जाणार आहे. उस्ताद आधी कुरकुरले, मग म्हणाले, ‘‘दुपार के बाद भेजना, सुबू काम रहता.’’