मुलाखत कामाची की संसाराची?



पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. परभणी, नांदेड, अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्यांनी इथल्या शिकलेल्या मुली नोकरीच्या शोधात बाहेर पडतात. त्यांच्यापैकीच एकीने मंडळाच्या बैठकीत आपला अनुभव सांगितला. साडेचार वर्षे फिजिओथेरपी शिकलेली ही मुलगी एका छोट्या उपचार केंद्रात मुलाखतीला गेली होती. अर्धांगवायूच्या रुग्णाला उभे कसे कराल, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कोणते व्यायाम द्याल, यातले काहीच तिला विचारले नाही. विचारले ते असे : लग्न ठरलंय का? सासरचे नोकरी करू देतील? मूल झाल्यावर सोडून तर जाणार नाही? पगाराचा विषय निघाला तेव्हा उत्तर आले, "काम बघून ठरवू."

हे सांगून ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल." आम्हाला सर्वात जास्त बोचले ते हे वाक्य.

कारण हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे. आयुर्विमा महामंडळाच्या भरतीच्या फॉर्ममध्ये स्त्रियांना पाळी, गर्भारपण, गर्भपात यांची माहिती द्यावी लागे. ती लपवल्याचे कारण देऊन नीरा माथूर यांना कामावरून काढण्यात आले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले आणि असे अपमानास्पद रकाने काढून टाकावेत असे सांगितले. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीतही स्त्री-पुरुष भेद करायला मनाई केली. तीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे.

मालक म्हणतात, बाळंतपणाची रजा आम्हाला परवडत नाही. २०१७ पासून ही भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि तिचा भार बहुतेक ठिकाणी मालकावरच टाकला गेला, ही अडचण खरी आहे. शासनाने तो भार उचलावा ही मागणी आपणही लावून धरली पाहिजे. पण दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दवाखान्याला किंवा दुकानाला हा कायदा सहसा लागूच होत नाही. म्हणजे पाच-सहा जणांच्या केंद्रात रजा द्यायची नाही, आणि मूल कधी होणार ते मात्र विचारायचे! मुलाखतीला आलेल्या मुलाला कोणी विचारते का, की बाप झाल्यावर काम सोडणार का?

मोठ्या कचेरीत निदान फॉर्म तरी हाती लागतो. छोट्या जागी सगळे तोंडी चालते, आणि पुरावा नसला की मुलगी स्वतःलाच दोष देत बसते. म्हणून गावोगावच्या मंडळांनी एवढे करावे : मुलाखतीहून आल्या आल्या विचारलेले प्रश्न तारखेसह लिहून ठेवायला मुलींना सांगावे. पगार आणि कामाचे तास लिहून मागायला शिकवावे. एकाच केंद्राबद्दल दोघी-तिघींचे असे कागद जमले, तर मंडळाने मालकाला जाऊन भेटावे.

तुम्हाला मुलाखतीत काय विचारले गेले ते आम्हालाही लिहून पाठवा. नावे न देता पुढच्या अंकात छापू.