पट्टीचे टोक कुठे आहे?

ट्रसच्या ड्रॉइंगवर एखाद्या लांब वेबच्या मध्यावर लहानसा चौकोन दिसतो. सॉफ्टवेअर तो आपोआप काढते. म्हणूनच बहुधा त्यावर कोणाची नजर थांबत नाही. पुण्या-ठाण्यात बसून अमेरिकेतल्या छतांचे लाकडी ट्रस डिझाइन करणाऱ्या आमच्या वाचकांना तो चांगला परिचयाचा आहे. या जागी सगळ्या ट्रसना जोडत जाणारी आडवी लाकडी पट्टी कायमची ठोकायची, एवढाच त्याचा अर्थ. या महिन्याचे संपादकीय त्या चौकोनासाठी.

तिथला नेहमीचा ट्रस दोन बाय चारच्या लाकडाचा, दातेरी पत्र्यांनी सांधलेला आणि दर दोन फुटांवर उभा असतो. नाव दोन बाय चार, पण हातात येते ते दीड इंच बाय साडेतीन. दाब आला की वेब त्या दीड इंचाच्या दिशेने वाकणार. दाबातल्या लाकडाचा स्लेंडरनेस रेशो 50 च्या पुढे जाऊ द्यायचा नाही, हा तिथला दंडक. दीड इंचाला त्याचे 75 इंच होतात, म्हणजे सव्वासहा फूट. त्याहून लांब वेब मध्ये कुठेतरी धरावीच लागते; दाब मोठा असेल तर आखूड वेबही धरावी लागते. लांब वेब मध्यावर धरली की ऑयलरच्या सूत्राने तिची वाकण्याविरुद्धची ताकद चौपट होते. हेच उलट वाचा: पट्टी राहून गेली, तर त्या वेबची ताकद पावपट उरते. बर्फाचे वजन मात्र पूर्ण येते.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. चूक पुढच्या पायरीवर होते. पट्टी ठोकलेली दिसली की ‘ब्रेसिंग आहे’ अशी खूण करून तपासणारा खाली उतरतो. पण एकाच पट्टीला बांधलेल्या दहा वेब एकाच भाराखाली असतात. त्या सगळ्या एकाच बाजूला वाकू लागल्या, तर पट्टीही त्यांच्याबरोबर सरकेल. दहीहंडीच्या थरात गोविंदा गोल करून खांदे धरतात. तो गोल स्वतःला सावरतो. सरळ रांगेने नुसते हात धरले तर शेवटच्याने खांब पकडायलाच हवा. आपली पट्टी ही अशी रांग आहे.

तो खांब म्हणजे तिरपे ब्रेसिंग. ढोबळ नियमाने वेबमधल्या दाबाच्या 2 टक्के बल पट्टीवर येते. वेबमध्ये 2,000 पौंडांचा दाब असेल तर एका ट्रसमागे 40 पौंड. दहा ट्रसचे 400. हे बल छताच्या प्लायवूडच्या किंवा सिलिंगच्या पातळीत पोचवायचे काम वेबच्या दुसऱ्या अंगाने, साधारण 45 अंशांत ठोकलेल्या तिरप्या पट्ट्यांचे. त्या साधारण दर 20 फुटांवर हव्यात, असे बीसीएसआय मार्गदर्शिका सांगते. तिरपी पट्टी नसेल तर आडवी पट्टी म्हणजे छतात अडकवलेले लाकूड, एवढेच.

इंटरनॅशनल बिल्डिंग कोडने या तपासणीचा आवाका वाढवला आहे. पूर्वी स्पेशल इन्स्पेक्टरची नजर 60 फूट किंवा त्याहून मोठ्या गाळ्याच्या ट्रसवर असे. 2018 च्या आवृत्तीत 60 इंच किंवा त्याहून उंच ट्रसचे कायमचे ब्रेसिंगही तिच्या कक्षेत आले. गाळ्याऐवजी उंची पाहण्यात शहाणपण आहे. वेबची लांबी ट्रसच्या उंचीबरोबर वाढते, आणि वाकतात त्या लांब वेब.

प्रत्यक्ष छतात काय पाहायचे? पहिला मुद्दा वेळेचा. डक्ट आणि पाइपवाले येऊन गेल्यावर, पण सिलिंगचा बोर्ड लागण्याआधी वर चढावे. त्याआधी पाहिलेली पट्टी दुसऱ्या दिवशी डक्टसाठी कापलेली असू शकते. उभारणीच्या वेळचे तात्पुरते आधार कायमचे समजू नयेत. त्यांची जागा ड्रॉइंगवरच्या चौकोनाशी जुळली पाहिजे. एखादा ट्रस उलटा फिरवून बसवलेला असला की त्याची वेब ओळीत येत नाही आणि पट्टी तिथे हवेतून जाते. उतरत्या टोकाकडे प्रत्येक ट्रसचा आकारच वेगळा असतो. अशा ठिकाणी पट्टीचा हट्ट सोडून वेबलाच लांबीच्या 90 टक्के भागात टी-आकारात दुसरे लाकूड ठोकणे बरे. मग बल कुठे न्यायचे हा प्रश्नच उरत नाही.

सगळ्यात फसवी जागा एकावर एक बसवलेल्या ट्रसची. वरच्या ट्रसवर प्लायवूड दिसते, पण खालच्या ट्रसची सपाट टॉप कॉर्ड त्याखाली उघडीच असते. दाब तिच्यात, आणि तिला धरणारे कोणी नाही. तिथे पर्लिन हव्यात आणि पर्लिनांच्या पातळीत तिरपे ब्रेसिंगही.

हे वारंवार राहून का जाते? ट्रस डिझाइन करणारा एका ट्रसपुरता जबाबदार; त्याने जागा दाखवली की त्याचे काम संपले. इमारतीचा इंजिनिअर म्हणतो, ते ट्रसवाल्यांचे. सुताराच्या हातातल्या कागदावर तिरपी पट्टी नसतेच. आमच्या वाचकांपैकी जे या साखळीच्या पहिल्या कडीवर आहेत, त्यांनी सलग सारखे ट्रस दोन-तीनच असतील तिथे टी-आकाराचा पर्याय स्वतःहून निवडावा. चौकोनाशेजारी एक ओळ लिहायलाही मिनिट लागत नाही: तिरपे ब्रेसिंग आवश्यक.

लोखंडी शेड करणाऱ्यांनी हे परक्यांचे दुखणे समजू नये. आपल्या पत्र्याच्या छताला स्वतःचे वजन थोडे. वाऱ्याने उचल दिली की एरवी ताणात असणाऱ्या मेन टायमध्ये दाब येतो. टाय म्हणून आयएस 800 मधली स्लेंडरनेस रेशोची 350 ची मर्यादा सांभाळली एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. त्या टायला आडवे धरले आहे कोणी, हे विचारावे लागते. टाय रनर एका ट्रसपासून दुसऱ्यापर्यंत जातो, जात राहतो, आणि शेवटच्या गाळ्यात क्रॉस ब्रेसिंग नसले तर कुठेच पोचत नाही.

म्हणून एक सुचवणी. तपासणीच्या तक्त्यावरचा ‘ब्रेसिंग आहे / नाही’ हा रकाना काढून टाका. त्या जागी दोन रकाने करा: पट्टीचे पहिले टोक कशाला बांधले आहे, आणि दुसरे टोक कशाला. दोन्हींचा फोटो जोडा. रकाना भरण्यासाठी का होईना, कोणीतरी शेवटच्या ट्रसपर्यंत रांगत जाईल.