शाळेतल्या ताईच्या पाठीशी कोण?



तोरणा-राजगडाच्या परिसरातल्या वाड्यावस्त्यांवरून मुली शाळेला निघतात त्या एकेकट्या निघत नाहीत. पुढे आठवी-नववीतली एखादी थोरली, मागे पाचवी-सहावीतल्या चारदोन धाकट्या. पावसाळ्यात ओढ्याला पाणी किती आहे हे थोरलीच बघते. एसटी चुकली तर पुढे चालायचे की माघारी फिरायचे हे तीच ठरवते. रस्त्यात कुणी मोटारसायकल आडवी घातली तर धाकट्यांना कडेने पुढे काढणारीही तीच. भोर आणि वेल्हे (आता सरकारी कागदावर राजगड) या डोंगरी तालुक्यांत ही रीत वर्षानुवर्षांची आहे. तिला कुणी कार्यक्रम म्हटले नाही की तिच्यासाठी कुणी निधी दिला नाही.

आता शाळांमधून याच गोष्टीला नाव मिळू लागले आहे. वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी खालच्या वर्गातल्यांना साथ द्यायची, त्यांचे ऐकून घ्यायचे, भीती, राग, भांडण, एकटेपणा यांतून वाट काढायला मदत करायची आणि त्यातून दोघांचीही सामाजिक-भावनिक कौशल्ये वाढवायची, असा हा विचार. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे आणि मुलांनी मुलांना शिकवण्याचाही आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दर वर्गातले दोन विद्यार्थी आरोग्याचे दूत म्हणून निवडायचे आहेत. त्यांच्या विषयांत मनाचे आरोग्य आणि स्त्री-पुरुष समानताही आहे. त्याआधी 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने साधारण हजार लोकवस्तीमागे दोन मुली आणि दोन मुलगे असे चार ‘साथी’ नेमायचे ठरवले होते.

या विचाराचे आपण स्वागतच करू. बायकांच्या गटात बसून एकीने बोलायचे, दुसरीने ऐकायचे, आणि ‘हे माझ्या एकटीचे नाही’ हे दोघींना उमगायचे, हीच तर आपल्या चळवळीची पहिली शाळा होती. जे आपल्याला तिशी-चाळिशीत मिळाले ते मुलींना तेराव्या वर्षी मिळत असेल तर त्याहून चांगले काय?

आणि या भागात त्याची गरजही मोठी आहे. वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत दहा-पंधरा मुले असतात. बाई सगळ्यांना घरासह ओळखतात. तिथून मुलगी विंझर, पानशेत, नसरापूर किंवा भोरच्या मोठ्या शाळेत येते. वर्गात साठ जणी, कुणी ओळखीची नाही. धनगरवाड्यावरची, कातकरी वस्तीवरची, महादेव कोळ्यांची मुलगी असेल तर तिच्या बोलण्याला आणि कपड्यांना हसणारेही असतात. ती मागच्या बाकावर बसते आणि हळूहळू यायची बंद होते. हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ एवढीच नोंद राहते. पुढे ज्यांची लग्ने लवकर लागतात त्यांत अशा मुली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. मागच्या बाकावर बसलेल्या मुलीशेजारी एखादी ताई जाऊन बसली तर ही वाटचाल काही जणींच्या बाबतीत तरी थांबू शकते.

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने 20 पटापर्यंतच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आपल्या पानशेतचेच उदाहरण पुढे ठेवले होते. म्हणजे वस्तीवरची शाळा सोडून लांब जाण्याची ही पाळी उद्या सहा वर्षांच्या मुलीवरही येऊ शकते. मग ताईची गरज आणखी वाढेल. पण ताई ही जवळच्या शाळेची भरपाई होऊ शकत नाही, हेही ठणकावून सांगायला हवे.

आता प्रश्न असा, की ताई शिकवणार काय? जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. त्यांत समानुभूती, ताण सोसणे, भावना आवरणे, नाती सांभाळणे ही आहेत. तशीच चिकित्सक विचार, निर्णय घेणे आणि प्रश्न सोडवणे ही कौशल्येही आहेत. मुलींच्या वाट्याला यादीतला पहिला भाग तेवढा येतो. ‘राग आवर’, ‘समजून घे’, ‘जुळवून घे’ हे तर आजीपासून सगळ्यांनी तिला शिकवलेलेच असते. तेच जर शाळेने ‘कौशल्य’ म्हणून पुन्हा शिकवले तर आपण मुलीला सोशिकपणाचे प्रमाणपत्र देऊ, एवढेच. रस्त्यात छेड काढली जात असेल तर तिला श्वासाचे व्यायाम पुरणार नाहीत. तिचा राग खरा आहे आणि त्याला कारण आहे, हे आधी कुणीतरी मान्य केले पाहिजे.

भोरहून नीरा ओलांडली की खंडाळा तालुका लागतो. त्याच तालुक्यातल्या नायगावची सावित्री. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्या शाळेने मुक्ताला आपले दुःख गिळायला शिकवले नाही, त्याचे कारण विचारायला शिकवले. आजच्या ताईच्या कामाचे मापही तेच असावे.

दुसरा प्रश्न कामाच्या वाटणीचा. असे उपक्रम निघाले की ‘समजूतदार मुली’ पटकन निवडल्या जातात आणि मुलगे मैदानावर राहतात. घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी शाळेतही सांभाळण्याचेच काम करते, बिनमोल. म्हणून दादाही हवेत, ताईंइतकेच आणि त्याच कामाला. मुंबई महापालिकेच्या 45 शाळांत 2008 पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर ‘जेम्स’ हा कार्यक्रम झाला. कोरो, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी तो चालवला. जिथे नुसती मोहीम न करता मुलामुलींच्या गटचर्चाही घेतल्या, तिथे त्यांच्या विचारांत अधिक बदल दिसला. मुलगे बोलायला बसले तर बदलतात. त्यांना बसवायचे कष्ट घ्यावे लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. धाकटीने ताईला विश्वासाने सांगितले, की घरी माझे लग्न ठरवताहेत. किंवा सांगितले, की नात्यातला माणूस अंगाला हात लावतो. चौदा वर्षांच्या ताईने काय करायचे? मनात ठेवले तर तिची झोप उडेल, बोलली तर गावात तिच्यावरच बोट रोखले जाईल. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्याला कलम 21 खाली शिक्षा आहे. पण मुलांना त्याच कलमाने या शिक्षेतून वगळले आहे. कायद्याला जे ओझे मुलाच्या खांद्यावर नको वाटले ते आपल्या उपक्रमाने टाकू नये. ताईने ऐकायचे आणि एका ठरलेल्या मोठ्या माणसापर्यंत धाकटीला घेऊन जायचे. पुढचे सारे मोठ्यांनी करायचे. कोणती गोष्ट दोघींत राहील आणि कोणती मोठ्यांना सांगावीच लागेल, हे धाकटीला पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे. नंतर सांगितले तर तो तिला दगा वाटेल.

याच ठिकाणी आणखी एक धोका आहे. कोण कुणाशी बोलते, कुणाच्या दप्तरात चिठ्ठी सापडली, हे कळवायला ताईंना लावले तर त्यांचे हेर होतात. अशी एक बातमी घरी गेली की मुलीची शाळा सुटते आणि स्थळे बघायला सुरुवात होते. ताईची वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाता कामा नये.

हा ‘ठरलेला मोठा माणूस’ कागदावर तरी आहे. मार्च 2022 च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायला सांगितले. तिच्यात शिक्षिका, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, महिला पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधीही असायचे आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर सरकारने तोच आदेश पुन्हा बजावला. पहिला आदेश नीट पाळला गेला असता तर दुसऱ्याची गरज का पडली असती?

म्हणून या कामात महिला मंडळांचा आणि बचतगटांचा वाटा मोठा आहे. शाळेत जाऊन विचारूया: समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, मुलांना तिच्यातली नावे ठाऊक आहेत का? ताई-दादांचा तास वेळापत्रकातच ठेवा असे सांगूया, कारण शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या मुलीची एसटी जाते. त्यांचे प्रशिक्षण एका दिवसात उरकू नका, महिन्यातून एकदा त्यांनाही मन मोकळे करायला जागा द्या, असा आग्रह धरूया. गावात बालविवाह ठरला असेल तर ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी) जाब विचारायला गटातल्या चौघीजणींनी मिळून जायचे, त्यासाठी मुलीला पुढे करायचे नाही. 1098 हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलींना दिसेल असा लिहून घ्यायचा.

मुलींनी एकमेकींचा हात धरला आहे. तो सुटू नये एवढी व्यवस्था गावातल्या मोठ्या बायकांनी उभी करायची आहे. येत्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या गावच्या शाळेत काय आढळले ते आम्हांला जरूर लिहून कळवा.

– संपादक मंडळ