कामावाचून नागपूर

सावरगाव, पांढुर्णा, सौसर ह्या भागातील कुटुंबांस नागपूर नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तोपर्यंत ती आपलीच राजधानी होती. पुढे राजधानी भोपाळास गेली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. परंतु आपली संत्री, आपले आजारी आणि आपल्या लग्नांचे बस्ते ह्यांची वाट बदलली नाही.

आम्हांस खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आपण नागपुरास जातो ते केवळ काम पडले म्हणजे. म्हणून आपल्या मुलांस इस्पितळातील बाके ठाऊक असतात, महाराजबाग ठाऊक नसते. घरातील आजीने शहर पाहिलेले असते ते डोळ्यांच्या शस्त्रक्रियेपुरते. वडिलांच्या हाती कागदांची पिशवी, आईचे लक्ष पैशांच्या पुरचुंडीकडे आणि परतीच्या गाडीची घाई! अशा मुलाच्या मनात शहर म्हणजे भीती, हेच समीकरण बसले तर त्यात नवल कोणते?

वाचकहो, वर्षातून दोन दिवस तरी कामावाचून नागपुरास जावे, असे आम्ही सुचवितो. मे महिन्यातील ऊन टाळून दिवाळीची अथवा नाताळची सुटी निवडावी. खर्चाचे भय वाटत असेल, तर भाड्याची गाडी करू नये. गाडी दाराशी उभी असली की चालकाची घाई आपल्या मागे लागते. एका दिवसात दहा स्थळे ‘उरकली’ जातात आणि पाहिले असे एकही होत नाही. सार्वजनिक बसचे तसे नाही. मूल अजब बंगल्यात एखाद्या मूर्तीपुढे अर्धा तास रेंगाळले, तरी कोणाचे काही बुडत नाही. एक बस गेली, तर पुढची येते.

सीताबर्डीवरील मोरभवन येथून महानगरपालिकेच्या ‘आपली बस’ गाड्या शहराच्या निरनिराळ्या भागांत जातात. पहिल्या दिवशी १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच अजब बंगला, आणि महाराजबाग एवढेच पुरे. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमी पाहावी व सायंकाळी फुटाळा तलावाकाठी स्वस्थ बसावे. मध्येच मुलांच्या हौसेखातर २०१९ पासून सुरू झालेल्या मेट्रोची एखादी फेरी करावी. रविवार आल्यास सदर येथील सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलात मिस्सेला जाता येईल.

काही सावधगिरी मात्र हवी. सकाळी कचेऱ्या उघडण्याची व सायंकाळी सुटण्याची वेळ टाळावी, म्हणजे वृद्धांस बसावयास जागा मिळते. सुटे पैसे जवळ ठेवावेत. उतरण्याचा थांबा वाहकास चढतानाच सांगून ठेवावा. परतीची शेवटची बस केव्हा सुटते, हे सकाळीच विचारावे. तसेच संग्रहालयाच्या सुटीचा वारही निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. दशम्या, चटणी व पाण्याची बाटली घरूनच न्यावी.

बसने हिंडणे म्हणजे गरिबी, असे कोणी मानू नये. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ साली झाला, तेव्हा सार्वजनिक गाडीचे मोल काय असते, ते खेड्यांस पुरते कळले. जी गाडी मजुरास, विद्यार्थिनीस आणि म्हाताऱ्या बाईस एकाच तिकिटात एकाच बाकावर बसविते, तिच्यात मुलांस शहर अधिक खरे दिसते. कोणास जागा द्यावी, रांग कशी धरावी, अनोळखी माणसास वाट कशी विचारावी, हे धडे तेथे आपोआप मिळतात.

आणि पुढे कधी इस्पितळाच्या कामाने त्याच शहरी जावे लागलेच, तर मूल निदान एवढे तरी म्हणेल, “आई, ही बस महाराजबागेवरून जाते, नाही का?” भीतीच्या जागी ओळख येणे, ही दोन दिवसांची कमाई आम्हांस थोडी वाटत नाही.