लहान घर, मोठे काम

मराठी शिकवणाऱ्याला संगणक लागतो तो टंकलेखनापुरता, अशी समजूत विक्रेत्यांपासून महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांपर्यंत सर्वत्र रुजलेली आहे. तिच्या जोडीला दुसरीही एक असते: ज्याला लहान आकाराचा संगणक हवा त्याची गरजही लहानच असणार. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहून वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला या दोन्ही समजुती महागात पडतात, असे माझे मत आहे.

जागेचा प्रश्न येथे कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वन रूम किचनमध्ये किंवा फार तर वन बीएचकेमध्ये चार माणसे, एक दिवाण, पुस्तकांचे लोखंडी कपाट आणि अभ्यासाचे एकच टेबल. त्या टेबलाखाली गुडघाभर उंचीचा टॉवर ठेवला, तर मुलांनी पाय कोठे ठेवावेत? मग लॅपटॉप घ्या, असा सल्ला मिळतो. भारनियमनाच्या वर्षांत लॅपटॉपच्या बॅटरीने फार आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जुन्या छापील पानाचे चित्र एका बाजूस आणि त्यावरून उतरलेला मजकूर दुसऱ्या बाजूस ठेवून ओळीन् ओळ ताडून पाहायची असेल, तर पंधरा इंची पडदा अपुरा पडतो. रात्रभर यंत्र पूर्ण वेगाने चालवायचे तर तो तापतो. आणि सकाळी घरातील कोणीतरी तो उचलून घेऊन जाते, ते वेगळेच!

हे रात्रभर चालणारे काम कोणते? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. अशा जुन्या संस्थांच्या आणि खाजगी संग्रहांच्या कपाटांत शतकभरापूर्वीचा कागद आहे. तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, मग पान उलटताना कडा हातात येतात. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले तर सुमारे ८७ लाख बिंदू होतात. न आवळता ठेवायचे तर एका पानाला २६ एमबी आणि चारशे पानांच्या ग्रंथाला दहा जीबीहून अधिक जागा लागते. हे झाले केवळ चित्र. त्यातून अक्षरे काढणे पुढेच राहिले.

त्यासाठी टेसरॅक्ट नावाची प्रणाली आहे. ती २००५मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तिला मराठी येते आणि ती घरच्या संगणकावर चालते. मात्र आजच्या मराठीवर वाढलेल्या प्रणालीपुढे जुने पान ठेवले की तिची गाडी अडखळते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची ‘पुस्तकें’, ‘कांहीं’, ‘नांव’ ही रूपे घ्या. माझा अनुभव असा, की तेथील अनुस्वार तिला पुष्कळदा कागदावरील डागच वाटतो. खाली खाली रचलेल्या जुन्या जोडाक्षरांचीही तीच गत. पाठचिकित्सा करणाऱ्याला हे चालणार नाही. अनुस्वार गळाला की नपुंसकलिंगी अनेकवचनाची खूण गेली, आणि आवृत्तीचा काळ सांगणारा पुरावाही गेला. यावर इलाज आहे: जुन्या खिळ्यांच्या शेकडो ओळी हाताने शुद्ध करून प्रणालीला नव्याने शिकवणे. साध्या यंत्रावर हे शिक्षण दिवसच्या दिवस रेंगाळते. बळकट प्रोसेसर आणि भरपूर मेमरी मला हवी आहे ती यासाठी. 

हे काम दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रावर का पाठवू नये, असे कोणी विचारील. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या वाङ्मयावर स्वामित्वहक्क असतो. आणि एखाद्या कुटुंबाने विश्वासाने दिलेली खाजगी पत्रे परस्पर कोठेतरी चढवून देणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. 

बाजार या दिशेने अजिबात सरकलाच नाही, असे मात्र नाही. २००५मध्ये ॲपलचा पहिला मॅक मिनी आला तेव्हा त्यात २५६ एमबी मेमरी होती. २०२४च्या मॅक मिनीत मुळातच १६ जीबी आहे आणि त्याची बाजू जेमतेम १२.७ सेंटिमीटर. आकार आणि ताकद यांचे वैर संपल्याचे हे चिन्ह. तरी मन भरत नाही. भारतात तो ५९,९०० रुपयांपासून आला, त्यात पडदा आणि कळफलक नाही. आणि मेमरी खरेदीच्या दिवशी जेवढी घ्याल तेवढीच जन्मभर. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून यंत्र वाढवत नेणाऱ्या शिक्षकाच्या स्वभावालाच हे मानवणारे नाही. इंटेलच्या एनयूसी या इवल्या संगणकांत मेमरी आपल्या हाताने बसवता येत असे. २०२३मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतले आणि तो वारसा असुसकडे गेला.

माझी अपेक्षा शब्दकोशाच्या एका खंडाएवढ्या पेटीची आहे. कपाटात पुस्तकांच्या रांगेत उभी राहील किंवा पडद्यामागे टांगता येईल. आज १६ जीबी, दोन वर्षांनी ३२, पुढे ६४, अशी मेमरी घरीच घालता यावी. आणि पंखा स्क्रूड्रायव्हरने उघडून पुसता यावा, कारण आपल्याकडील धूळ आणि दमट उन्हाळा यांत लहान पेटी लवकर तापते व तापली की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनीही पुढील खरेदीत ‘टंकलेखनासाठी संगणक’ ही नोंद खोडून तेथे किती मेमरी हवी ते स्पष्ट लिहावे. विज्ञान शाखेचे विभाग ते लिहितात, आणि त्यांना मिळतेही.